चौथी अट

५ जानेवारी, रविवार

माझा नवरा कुणाल म्हणाला, तुझा राग जेवताना काढू नकोस, कुठेतरी लिहून काढ. म्हणून लिहायला बसले आहे.

खरं तर आजचा वर्ग फार चांगला झाला होता. आमच्या गोडाऊनच्या ऑफिसवर एक खोली आहे, तिथे मी दर रविवारी पोरापोरींना प्रोग्रामिंग शिकवते. फी नाही, ज्याला यायचं त्याने यावं. आज डेडलॉक शिकवायचा होता. व्याख्या सांगितली की पोरं माना डोलावतात आणि विसरून जातात, म्हणून सगळ्यांना खिडकीशी बोलावलं. खाली गल्लीत एक कंटेनर आत येत होता आणि दुसरा बाहेर निघत होता. दोघे समोरासमोर अडकून हॉर्न वाजवत होते. म्हटलं, बघा, ह्याला हवी ती जागा त्याने अडवली आहे आणि त्याला हवी ती ह्याने. हातातली जागा कुणी सोडत नाही. हवालदार येऊन एकाला मागे घ्यायला लावत नाही, तोवर दोघेही इथेच. कॉम्प्युटरमध्ये दोन प्रोग्राम असेच एकमेकांसमोर उभे राहतात.

भाविक हसत सुटला. रूपाने मात्र विचारलं, की मागे कुणी घ्यायचं हे ठरवायचं कसं, जो नंतर आला त्याने की ज्याला मागे घेणं सोपं त्याने? मी नोकरीत होते तेव्हा चांगल्या चांगल्या इंजिनिअरांनी मला हा प्रश्न विचारला नव्हता.

रूपा वज्रेश्वरीच्या पलीकडून बसने येते. आज तिचे वडील राघो तिच्याबरोबर आले होते. शेवटच्या खुर्चीवर बसून त्यांनी सगळं ऐकलं आणि वर्ग सुटल्यावर विचारलं, "बाई, तुमी येवढं शिकवताय, मंग तुमी सोता का न्हाय नोकरीला?"

सांगितलं, की लेक झाली, त्यातच सासूबाई अंथरुणाला खिळल्या, म्हणून सोडली. सासूबाई गेल्या, लेक शाळेत जाऊ लागली, आणि मी घरीच राहिले.

"म्हंजे मिळत न्हाय असं न्हाय."

"नाही, तसं नाही."

"बरं," म्हणाले. मग हेही सांगून गेले, की होळीपर्यंत पोरीचं काही जमलं नाही तर तिला पडघ्याच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला लावणार आहेत, तिथे ओळख आहे.

ते 'बरं' दिवसभर कानात बसलंय. मी काय खोटं सांगत होते? उद्याच अर्ज करते.

९ जानेवारी

मालवेध सिस्टिम्स म्हणून ठाण्यातली कंपनी आहे. गोडाऊनसाठी सॉफ्टवेअर करतात. सीनियर इंजिनिअरची जागा होती, अर्ज केला, आणि आज त्यांच्या भरती विभागातल्या पूर्वी नावाच्या मुलीचा फोन आला. इंग्रजीत बोलत होती आणि सरळ वाचत होती. वाचताना माणसाचा श्वास वेगळ्या जागी तुटतो, ते लगेच कळतं.

पाच वर्षं काय करत होतात? म्हटलं, घर, आणि त्याबरोबर आमच्या गोडाऊनचं मालाच्या आवक-जावकेचं सॉफ्टवेअर मी स्वतः लिहिलं. आमचे भाडेकरू व्यापारी आजही तेच वापरतात. तिने विचारलं, ही कंपनी कुणाची? म्हटलं, सासऱ्यांची. "ओके मॅम, मग ते गॅपमध्ये टाकते."

चालू सॉफ्टवेअर, ज्यावर रोज ट्रक उतरतात आणि भरतात, ते गॅप. एखाद्या कंपनीत पाच वर्षं खुर्ची गरम केली असती तर तो अनुभव.

१९ जानेवारी, रविवार

मालवेधमध्ये ट्रेनींचीही भरती आहे असं कळलं. रूपा आणि भाविक दोघांनाही अर्ज करायला लावलं आणि आज वर्गात इंटरव्ह्यूचा सराव घेतला. भाविक अडखळत होता. उत्तर त्याला येत होतं, पण शब्द शोधत बसला, तेव्हा मी घड्याळ दाखवून वेळ संपली म्हणून सांगितलं. तोंड पाडून बसला. पण सवय व्हायलाच हवी, तिथे कोण थांबणार आहे त्याच्यासाठी?

२४ जानेवारी

ऑनलाइन परीक्षा होती. परीक्षा कसली, कोंडवाडा. कॅमेरा चालू ठेवायचा, नजर स्क्रीनवरून हलवायची नाही, आवाज होता कामा नये. इकडे शेजारच्या कारखान्यात लूमचा खडखडाट आणि खाली टेम्पोवाल्यांचे हॉर्न. मशीनला दोनदा संशय आला. तरी मी सोडवत होते, आणि मधेच दाजी चहा घेऊन वर आले.

दाजी म्हणजे माझे सासरे. घरातच काय, गावातही त्यांना सगळे दाजीच म्हणतात. आयुष्यात कधी त्यांनी मला चहा आणून दिलेला नाही आणि आजच सुचलं. 'दुसरी व्यक्ती आढळली' म्हणून परीक्षा बंद पडली.

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. दाजी कप ठेवून खाली गेले. पूर्वीला दोन मेल लिहिले, फोन केला, भांडले. शेवटी एक संधी दिली.

२९ जानेवारी

परीक्षा झाली, पास झाले.

दाजी पूर्ण वेळ खाली फाटकात खुर्ची टाकून बसले होते. खिडकीतून त्यांची टोपी दिसत होती. आता माझ्यावर राखण ठेवतात की काय. मागच्या वेळी मी बोलले त्याचा त्यांना राग असेल. नशिबाने आज हॉर्न वाजले नाहीत. शेजारचे लूमसुद्धा बंद होते. त्यांची वीज गेली असावी, आमची होती, हे एक नवलच.

६ फेब्रुवारी

तांत्रिक इंटरव्ह्यूची पहिली फेरी. घेणाऱ्याचं नाव मनोज. माझा कॅमेरा चालू हवा, त्याचा बंद. तासभर मी एका काळ्या चौकोनाशी बोलत होते. त्या चौकोनातून नुसता टाइप केल्याचा आवाज येत होता.

आधी एक कोडं घातलं. सोडवलं, आणि विचारलं की हे तुमच्या कामात कुठे वापरता? चौकोन म्हणाला, प्लीज पुढच्या प्रश्नाकडे जाऊ.

पुढचा प्रश्न डेडलॉक. मनात म्हटलं, आलास माझ्या गल्लीत. सगळं सांगितलं. जागा एकाच वेळी एकालाच मिळते, हातातलं न सोडता दुसरं मागत राहतात, आणि वाट बघणाऱ्यांचं चक्र पूर्ण होतं. तिन्हींची इंग्रजी नावं दिली. कंटेनरांचं उदाहरण दिलं. हवालदार कुणाला मागे घ्यायला लावत नाही तोवर सुटका नाही, हेही सांगितलं. माझ्या पहिल्या नोकरीत पगाराच्या दिवशी अख्खी पेमेंट सिस्टिम अशीच अडकली होती आणि मी ती कशी सोडवली, तेही सांगायला लागले.

"चौथी अट?" त्याने मधेच विचारलं.

म्हटलं, आत्ता सांगितली ना, हातातलं कुणी हिसकावून घेऊ शकत नाही, हवालदार येत नाही, तीच.

"तिचं नाव काय?"

नाव आठवेना. जीव गेला तरी आठवेना. अट सांगितली, उदाहरण सांगितलं, प्रत्यक्ष सोडवलेला गुंता सांगितला, आणि तो नावासाठी अडून बसला. कॉल संपताना मी विचारलं, अजून काही हवंय? तर म्हणाला, "न्हाय, न्हाय, बस." लगेच सावरून इंग्रजीत आभार मानले. कंपनीत बसून आमच्या बोलीची नक्कल करायची हौस असेल.

नाव जिना उतरताना आठवलं. नो प्रीएम्प्शन. जिन्यातच मोठ्याने म्हटलं. खाली दाजी होते, त्यांनी वर पाहिलं.

१४ फेब्रुवारी

तरीही दुसरी फेरी मिळाली. ह्यावेळी तिघे होते, चेहरे तरी दिसले. गोडाऊनला येणाऱ्या ट्रकना माल उतरवायची वेळ देणारी सिस्टिम कशी बांधाल, असा प्रश्न. मी जवळजवळ हसलेच. हे तर मी रोज खिडकीतून बघते.

सुरुवात ड्रायव्हरपासून केली. त्याच्याकडे साधा फोन असतो, तो वेळ ठरवून येत नाही, घाटात अडकला की सहा तासांनी येतो, आणि ज्याची वेळ आहे तो आलेलाच नसतो. मग माल उतरवायचा रिकामा धक्का कुणाला द्यायचा, इथून डिझाइन सुरू व्हायला हवं.

त्यांच्यातला मोठा साहेब म्हणाला, अशा अपवादांत आत्ता जायला नको, आधी सांगा एक कोटी युजर आले तर काय कराल?

मी म्हटलं, "सर, हा अपवाद नाही, ही भिवंडी आहे. आणि अख्ख्या तालुक्यात एक कोटी ट्रक येणार नाहीत."

एकजण हसला. साहेब हसले नाहीत. मग कोटी युजरचं जे ठरलेलं उत्तर असतं, तेही मी दिलं. तेवढंच त्यांनी लिहून घेतलं.

२७ फेब्रुवारी

नकार आला. 'आपल्या वेळेबद्दल आभार. आम्ही इतर उमेदवारांसोबत पुढे जात आहोत.' खाली कुणाची सही नाही.

कारण विचारलं. उत्तर आलं की धोरणानुसार कारण सांगता येत नाही. जवळजवळ दोन महिने मला बाहुलीसारखं कॅमेऱ्यासमोर बसवलं, नजर हलवू दिली नाही, आणि धोरण म्हणे. बाजारात वांगी परत करताना बाई सांगते की किडकी आहेत. मला तेवढंही नाही.

कुणाल म्हणाला, जाऊ दे, नाहीतरी शाळेची बस चुकली की पोरीला कोण सोडणार होतं? त्याला वाटलं मी हसेन. मी ताट सारलं आणि उठले.

दाजींना बरंच वाटलं असेल. सकाळपासून वरच्या खोलीत सुतार लावलाय. आवाज अडवणारी जाड काच आणि नवीन दार बसवून घेताहेत, इंटरनेटवालाही येऊन दुसरी लाइन टाकून गेला. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. खोली कुणाला भाड्याने द्यायची ठरवली असणार. म्हणजे वर्गही गेला.

२ मार्च, रविवार

वर्ग घ्यायचा नाही असं ठरवलं होतं. पण दहाच्या आधीच रूपा आली, राघोही आले. तिचा इंटरव्ह्यू बुधवारी आहे. भाविकला तर त्यांनी ऑनलाइन परीक्षेतच कापला. नजर हलली म्हणे. त्याला एक डोळा थोडा तिरळा आहे, हे मशीनला कोण सांगणार?

सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की मला त्यांनी नाकारलं. मी राघोंच्या त्या 'बरं'ची वाट बघत होते. ते उठले, टोपी हातात घेतली.

"मंग पुढल्या रविवारी वर्ग हाय का न्हाय?" त्यांनी विचारलं. "बसचा पास काढायचाय हिचा."

म्हटलं, आहे. दुसरं काय म्हणणार होते. माणूस मात्र हिशेबीच, पासाची पडली.

नव्या काचेमुळे लूमचा आवाज येत नाही. खोलीला भाडेकरू अजून आलेला नाही.

५ मार्च

रूपाचा इंटरव्ह्यू वरच्या खोलीत झाला. तिच्या गावात नेट टिकत नाही. मी बाहेर जिन्यावर बसले. आतला आवाज येऊ नये एवढं नवं दार चांगलं आहे, पण तिने ते नीट लावलं नव्हतं.

आवाज ओळखला. तोच मनोज. त्याने तिलाही डेडलॉकच विचारला. तिने कंटेनर सांगितले, हवालदार सांगितला. मग तो म्हणाला, चार अटींची नावं. ती म्हणाली, "सर, दोन येतात, दोन नाही येत. पण अडकलेलं सोडवायचं कसं ते सांगू का?" आणि सांगितलंसुद्धा. मग तिने त्याला विचारलं, की तुमच्याकडे हे खरंच होतं का कधी?

आणि तो बोलला. मोकळा हसून सांगत बसला, की मागच्या दिवाळीत अमुक ठिकाणी असं झालं होतं आणि आम्ही रात्रभर शोधत होतो.

मी विचारलं तेव्हा चौकोन होता. तिने विचारलं तर माणूस झाला. मी जिन्यावर बसून जळत होते, आणि पोरगी इतकी छान बोलत होती की डोळे भरून येत होते. दोन्ही एकदम.

११ मार्च

रूपाची निवड झाली. होळीच्या दोन दिवस आधी.

राघो पेढे घेऊन आले. माझ्या हातावर दिला, दाजींच्या हातावर दिला, मग परत माझ्या हातावर दिला. रूपा रडत होती. भाविकनेही टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत जोरात त्यानेच.

संध्याकाळी पूर्वीचा फोन. रूपाने सांगितलं म्हणे की ती माझ्याकडे शिकली. तर कंपनीला वाटतं, की सगळ्या नव्या ट्रेनींना मी तीन महिने कंत्राटावर ऑनलाइन शिकवावं. "मॅम, तुमची समजावून सांगायची हातोटी उत्तम आहे असा फीडबॅक आहे."

विचारलं, ज्या जागेसाठी मला नाकारलंत त्या जागेवरचा माणूस का शिकवत नाही? म्हणाली, ते नवीन आहेत मॅम, त्यांना गोडाऊनच्या कामाची अजून माहिती नाही.

म्हणजे शिकवायला मी चालते, सोबत बसायला चालत नाही. कुणाल म्हणतो घेऊन टाक, घरातूनच आहे. दाजी म्हणाले, "तिला इचारा, तिला काय पायजे." हे कुणालला उद्देशून होतं, पण बघत माझ्याकडे होते. काय पाहिजे ते मला तरी कुठे माहीत आहे? कंपनीला नाही म्हणून लिहिलं.

१५ मार्च

सकाळीच अनोळखी नंबर. "मी मनोज, मालवेधमधून. म्हणजे पडघ्याहून बोलतोय, घरून. कंपनीतर्फे न्हाय."

पडघ्याचा. शेतकऱ्याचा मुलगा. कॅमेरा बंद ठेवतो, कारण मागे घर दिसतं, मधेच आई येते, ऑफिसातले हसले होते एकदा. त्याने सांगितलं, की त्याने माझ्या नावापुढे 'हो' लिहिलं होतं. पण तक्त्यात दोन वर्षांवरच्या गॅपला आपोआप गुण कापले जातात, आणि ज्याचं उत्तर जसंच्या तसं नाही त्याचेही. बेरजेत मी खाली गेले. वरच्यांनी त्याला विचारलंसुद्धा नाही.

"तुम्ही सांगितलंत का त्यांना, की बेरीज चुकतेय?"

तो म्हणाला, "मॅडम, मीच तिथे दीड वर्षापूर्वी लागलोय. मी कुणाला काय सांगणार?"

मी म्हटलं, "मग तुमचं 'हो' मी कुठे ठेवू? तुम्ही 'हो' लिहिलंत आणि गप्प बसलात. ज्यांनी 'नाही' लिहिलं ते निदान बोलले तरी."

तो सॉरी म्हणाला. मी फोन ठेवला. त्याच्या आवाजात काय होतं ते मला ऐकायचंच नव्हतं. हे सगळे साहेबाकडे बघतात, साहेब तक्त्याकडे बघतो, आणि तक्ता कुणी केला ते कुणालाच माहीत नाही. मागे घ्यायला एकही तयार नाही.

तरी एक आहे. भाविकच्या डोळ्याबद्दल मी त्याला फोनवरच सुनावलं होतं. आज दुपारी भाविकला मेल आला, परीक्षा रद्द, थेट इंटरव्ह्यू. कसं काय झालं कोण जाणे. उशिरा का होईना, मशीनला अक्कल आली.

२१ मार्च

पुन्हा पूर्वीचा फोन. आज आवाज जास्तच गोड. माझं प्रोफाइल कंपनीला मोलाचं वाटतं, त्या जागेवरचा माणूस सोडून गेलाय, तेव्हा माझा फेरविचार होऊ शकतो. आधी फोनवर प्राथमिक प्रश्न, मग ऑनलाइन परीक्षा, मग दोन फेऱ्या.

म्हटलं, हे सगळं मी दिलंय.

"हो मॅम, पण ती फाइल बंद झाली. परत पहिल्यापासून करावं लागेल. आत्ता वेळ आहे का, पहिला प्रश्न घेऊ?"

मग मात्र मी थांबले नाही. म्हटलं, तुम्ही विचारता त्या गॅपमध्ये मी काय काम केलं, ते तुमच्या कागदावर आहे का? उत्तर बरोबर असलं तरी शब्द बदलला म्हणून माणूस चुकीचा कसा होतो? तिरळ्या डोळ्याचा पोरगा चोर कसा होतो? भाविक आला तर त्याला वाक्य पुरं करू द्या, तो विचार करून बोलतो. आणि मला पहिला प्रश्न विचारू नका, मला तुमची नोकरी नको. हे शेवटचं तोंडातून निघालं आणि कळलं की खरं आहे.

वाटलं, आता ती फोन ठेवणार. मग हळू आवाजात, मराठीत, पहिल्यांदाच न वाचता बोलली.

"मॅडम, एक विचारू? मी रोज इतक्या लोकांना हे प्रश्न विचारते. त्यांनी उत्तर दिलं की ते बरोबर की चूक, मला कळतच नाही. कागदावरचा शब्द ऐकू आला की टिक करते. नाही आला की नाही करत. रूपा म्हणाली, तुमच्याकडे रविवारी कोणीही येऊ शकतं. मी आले तर चालेल?"

माझा राग अजून उतरला नव्हता. जानेवारीपासून हीच बाई माझ्या नावापुढे टिक करतेय, आणि आता हे. तशाच आवाजात विचारलं, कुठे राहता. म्हणाली, कल्याणला.

"कल्याणहून भिवंडीला या. तिथून आमच्या अंजूरची रिक्षा मिळते. दहाला सुरू करते मी. उशिरा आलात तर मागे बसावं लागेल."

आता परवाचं बघायला हवं. बाकीची पोरं बरीच पुढे गेली आहेत, आणि हिला कॉम्प्युटर आत काय करतो हेही माहीत नसणार. सगळ्यांना थांबवून परत पहिल्यापासून घ्यावं लागेल.